वांझ पतंगांची खोली

बपेऱ्याच्या श्यामरावांची भावना लहानपणी एकदा हरभऱ्याचा घाटा दाताखाली फोडायला गेली आणि तिच्या जिभेवर काहीतरी गार, मऊ असं पचकन फुटलं. थुंकून पाहिलं तर अर्धी हिरवी अळी वळवळत होती. उरलेली अर्धी कुठं गेली हे विचारायची गरज नव्हती. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ती पिवळं पाणी पडेस्तोवर ओकली, आणि पुढं वर्षानुवर्षं घाटा बोटांनी सोलून, आत नीट डोकावूनच दाणा तोंडात टाकत राहिली. घरचे हसायचे. धानाच्या मुलखात, चिखलात आणि किड्यामुंग्यांत वाढलेल्या पोरीनं अळीला भ्यावं कसं, असं तिच्या बापाला वाटे. ती म्हणे, भीती नाही वाटत, मळमळतं.

अशा भावनाच्या वाट्याला पुढं अळ्या पोसायचीच नोकरी आली.

लग्न होऊन ती साकोलीजवळच्या एका गावात आली होती. नवरा धनंजय, घरची धानाच्या बारा बांध्यांची शेती, धान निघालं की त्याच वाफशावर हरभरा. सासू कौशल्याबाई घर आणि शेत दोन्ही मुठीत ठेवून होती. साकोलीच्या बाहेर हमरस्त्याला लागून एका संस्थेनं कीड संशोधनाचं केंद्र उघडलं आणि बारावी सायन्स झालेल्या बाया हव्यात अशी पाटी लावली, तेव्हा धनंजयनंच तिला पाठवलं. काय काम आहे हे त्यानं विचारलं नाही, तिनंही नाही. पहिल्या दिवशी तिथल्या टीना मॅडमनी एका खोलीचं दार उघडलं आणि आतला वास तिच्या अंगावर आला.

आंबलेलं बेसन, यीस्ट आणि ओली विष्ठा यांचा मिळून तो वास होता. फळ्यांवर ट्रेमागून ट्रे रचलेले. प्रत्येक ट्रेला बारीक खण, प्रत्येक खणात खाद्याची वडी आणि वडीवर एकच घाटेअळी. एकच, कारण दोघी एकत्र राहिल्या तर एक दुसरीला खाते. नव्या बाईनं निष्काळजीपणानं एका खणात दोन सोडल्या होत्या, त्यातली एक दुसरीच्या पाठीत तोंड खुपसून बसली होती आणि खाली पडलेली अजून पाय हलवत होती. भावना धावत बाहेरच्या झाडाखाली गेली. तिथला जुना माणूस गुलाबभाऊ बादली घेऊन उभाच होता. इथं येणारी प्रत्येक जण पहिल्या दिवशी त्याच झाडाखाली जाते, असं त्यानं तिला शांतपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, आणि तिसऱ्याही. घरी परतून सासूच्या तोंडाकडे बघत दिवसभर शेण काढण्यापेक्षा इथं ओकलेलं बरं, एवढाच तिचा हिशेब होता. पण किळस काही सुटेना. हातमोज्यातूनही अळीची हालचाल कळे. पतंग मोठे झाले की त्यांच्या पंखांचा भुरा खोलीभर उडे, मास्कच्या आत शिरे, घशात बसे. घरी आल्यावर थुंकी राखेच्या रंगाची पडे. एकदा अळ्यांमध्ये रोग शिरला. सकाळी दार उघडलं तर सगळ्या ट्रेमधल्या अळ्या काळपट, लिबलिबीत होऊन लोंबत होत्या, आणि चिमट्यानं उचलावी तर कातडी फाटून आतलं सगळं पाण्यासारखं बाहेर येत होतं. सडक्या मासळीचा वास. गुलाबभाऊ आणि ती, दोघांनी मिळून ते सगळं जंतुनाशकाच्या टाकीत ओतलं. त्यानंतर आठवडाभर तिनं भाताला कढी लावून घेतली नाही.

हे सगळं कशासाठी, ते मॅडमनी तिला हळूहळू समजावलं. कोष तयार झाले की त्यातले नर वेगळे काढायचे. ते काम भावनाला चांगलं जमू लागलं. कोषाच्या शेपटाकडची एक बारीक खूण बघायची, बस. मग ते नर-कोष पेटीत घालून नागपूरला जात. तिथं मशीनखाली त्यांना किरणं देत आणि पेटी परत येई. फार किरणं दिली तर नर अर्धमेला होतो, त्याच्याकडं कोणी मादी ढुंकून बघत नाही. म्हणून बेतानं द्यायची. मग त्यातून बाहेर पडलेला पतंग दिसायला उडायला धडधाकट असतो. रानातल्या मादीशी जुळतो. मादी अंडीही घालते, ढीगभर घालते. पण त्यातली पुष्कळशी नुसतीच पिवळट राहतात, सुरकुततात आणि खपली होऊन पडतात. जी थोडी फुटतात त्यातून निघालेली पिल्लं मोठी होतात, त्यात नरच जास्त, आणि ती लेकरं बापाहून जास्त वांझ निघतात. मोडतोड बापाच्या अंगात झालेली असते, ती पुढं उतरते.

हे तिला नीट कळेना तेव्हा मॅडमनी तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं बोट दाखवलं. समज, ही पोत चार ठिकाणी तुटली आणि तू अंधारात मणी गोळा करून पुन्हा ओवली. मणी सगळे आहेत, पोतही दिसायला पोतच, पण वाटी भलत्याच ठिकाणी. बापाचं चालून जातं. पण पुढं त्यातून नवी पोत करायची म्हटली की मेळ बसत नाही. ह्याला केंद्रातले लोक म्युटेशन म्हणत.

तिच्या टेबलावर मलमलचे तुकडे येत, त्यावर माद्यांनी घातलेली अंडी. चांगली अंडी दोन दिवसांत तपकिरी होत. दुसरी तशीच पिवळी. ती मोजताना एखादेवेळी तिला त्या मादीची दया येई. किती नेटानं घातली होती तिनं.

घरी हे ती कोणाला सांगत नसे. घरात मुलाचा विषय निघाला की तो तिच्याच पदरात येऊन पडे. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. नोकरी लागायच्या आधीची पाच वर्षं इलाजातच गेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं सगळ्या तपासण्या केल्या, नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढला. त्या वेळी टेबलावर ती इतकी कळवळली की नर्सनं तिचं तोंड दाबून धरलं. काही दोष नाही, आता नवऱ्याला आणा, असं बाईंनी सांगितलं. धनंजय म्हणाला, मर्दाले कायची तपासणी. विषय संपला. मग अंगारे सुरू झाले. एका गावच्या बाबानं गोमूत्रात काहीतरी उगाळून पाजलं. महाशिवरात्रीनंतर कौशल्याबाईनं तिला प्रतापगडच्या यात्रेचा प्रसाद म्हणून एक केळं दिलं, न चावता गिळ म्हणाली. केळ्याच्या आत काहीतरी चामड्यासारखं, वाळलेलं होतं. भावनाच्या दातात अडकलं, तिनं विचारलं, तर जडीबुटी आहे, थुंकू नको, असं सांगण्यात आलं. सासू समोर उभी राहिली, भावनानं गिळलं.

मग धाकट्या दिराचं, मनिषचं लग्न झालं आणि तृप्ती घरात आली. तृप्ती हसरी, बडबडी. भावना कामावरून आली की अळ्यांच्या गोष्टी सांगायचा हट्ट करायची, ऐकता ऐकता नाक दाबायची आणि पुन्हा म्हणायची, पुढं काय झालं ताई. त्या घरात भावनाला तेवढंच एक बोलायला माणूस होतं. वर्षाच्या आत तृप्तीला दिवस गेले.

त्याच सुमाराला गावात कुजबुज सुरू झाली. भावनाच्या केंद्रात किरणं असतात. ती किरणं बाईला वांझ करतात. ती घरी कपड्यांवरून येतात. कोणी म्हणालं, तिनं हळदीकुंकवाला यावं का. कौशल्याबाईनं तिला घरामागच्या सांदवाडीत वेगळी मोरी करून दिली. कामावरून आली की तिथंच अंघोळ करायची, तिथंच कपडे वाळत घालायचे, तृप्तीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. भावनानं समजावून पाहिलं. मशीन नागपूरला आहे, मी ते डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. पेटीत कोष येतात, किरणं येत नाहीत. सासू म्हणाली, शिकलेल्या बाया अशाच बोलतात.

याचं तिला फार लागलं नाही. लागलं ते वेगळंच. एका दुपारी ती अंगणातून जात होती आणि तृप्ती ओट्यावर बसलेली. भावना हसली. तृप्तीनं पदर नाकाला लावला, दुसऱ्या हातानं पोट झाकलं आणि तोंड फिरवून आत गेली. ते तोंड भावना ओळखत होती. पहिल्या दिवशी ट्रे उघडल्यावर तिनं स्वतःच ते केलं असणार.

तृप्तीच्या डोहाळजेवणाच्या वेळी भावनाला माहेरी, बपेऱ्याला पाठवून दिलं.

थंडीत केंद्रानं ठरवलं की एक प्रयोग खरोखरच्या शेतात करायचा. हरभऱ्याच्या थोड्या जागेवर मोठ्या जाळ्या लावायच्या, आत रानातले पतंग आणि किरणं दिलेले नर सोडायचे आणि अळी किती कमी होते ते बघायचं. शेतं जवळची म्हणून भावनाचंच गाव निवडलं. त्याआधी कोणीतरी केंद्राच्या कचऱ्यातून एका पतंगाचा फोटो काढून फोनवर पसरवला होता. किरणं जास्त झालेल्या कोषातून कधी कधी असे निघत, पंख चुरगळलेले, एक बाजू आखडलेली, कोषाचं टरफल मागं चिकटलेलं. खाली लिहिलं होतं, हा हरभरा खाल तर तुमची लेकरं अशी होतील.

ग्रामपंचायतीच्या आवारात सभा बसली. मॅडमनी शांतपणे सांगितलं की एक्स-रे काढलेला माणूस घरी जाऊन दुसऱ्याचा एक्स-रे काढत नाही, तसंच हे. पतंग हरभरा खात नाही, मध चाखतो आणि मरतो. लोक ऐकत होते, पण प्रत्येकाच्या हातात तो फोटो होता. भावना मॅडमच्या मागं रिकामी जाळी धरून उभी होती. तेवढ्यात धनंजय उठला. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही.

“माह्या घरातलंच पाहा ना जी,” तो म्हणाला. “माही बायको तिथं जाते. आमाले लेकरू काहून होत नाही, ते आता समजलं. त्या मशीननं तिची कूस जाळली. तुमच्या घरच्या बायाइचं काय करायचं, ते तुमी ठरवा.”

सगळं गाव तिच्या पोटाकडं बघू लागलं. बाया, म्हातारे, शाळेतली पोरं. तिला वाटलं, आपले कपडे कोणी काढून घेतले. तिनं हातातली जाळी पोटावर ओढून धरली. मॅडमनी विचारलं, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली, ही आमच्याकडं कधी आली? पण तोवर गलका झाला होता. प्रयोगाला गावानं नाही म्हटलं. जाळ्या गाडीत टाकून परत नेल्या.

संध्याकाळी धनंजय जेवायला बसला तेव्हा भावनानं त्याचं ताट वाढलं आणि समोर बसली. तिनं विचारलं, पाच वर्षं मी कामावर नव्हती, तेव्हा कोणती मशीन होती?

तो घास चावत राहिला. लोकांना काहीतरी सांगावं लागतं, असं म्हणाला. पुन्हा विचारलं तेव्हा चिडला, आणि चिडण्याच्या भरात की कंटाळून, कोण जाणे, खरं सांगून मोकळा झाला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तो एका मित्राबरोबर नागपूरला गेला होता, तिथं तपासणी केली होती. त्याच्यात बीजच नाही जवळपास, असं डॉक्टर म्हणाला होता.

“मंग मले काहून नाही सांगतलं?” भावनानं विचारलं.

“सांगून काय झालं असतं? तुले तं लोक तसंही म्हणतच होते. दोघाइची अब्रू काहून घालवायची?”

त्यानं वरण मागितलं. तिनं वाढलं नाही. त्याच्या बोटांना लागलेला भात, ओठांच्या कडेला आलेलं वरण, चावताना हलणारा गळा, सगळं तिला एकदम फार जवळून दिसू लागलं. ह्या माणसाच्या शेजारी आपण झोपतो. ती उठून सासूकडं गेली. कौशल्याबाई परसात भांडी घासत होती. भावनानं तिला सांगितलं, तुमच्या लेकात दोष आहे आणि ते त्याला चार वर्षांपासून माहीत आहे. तिला वाटलं होतं, म्हातारी किंचाळेल, खोटं म्हणेल, छाती बडवेल.

कौशल्याबाईनं कढई पालथी घातली आणि हात धुतले.

“मले मालूम आहे,” ती म्हणाली. “त्यानं आल्याबरोबरच सांगतलं होतं.”

भावनाला भंडाऱ्याची ती खोली आठवली, तोंडावर दाबलेला नर्सचा हात, गोमूत्राची वाटी. सासूच घेऊन गेली होती प्रत्येक ठिकाणी. तिनं विचारलं, मालूम होतं तर मला कशाला ते सगळं पाजलं?

शेजारपाजारच्या बायांना इलाज चालू आहे हे दिसायला नको का, असं सासू म्हणाली. इलाज थांबवला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

“अन् त्या केळ्यात काय होतं?”

म्हातारीनं सांगितलं. शेजारच्या गल्लीत एक बाई बाळंत झाली होती, तिच्या पोराची वाळलेली नाळ. सुइणीला सांगून आणवली होती. बायांनीच सुचवलं, मग नाही कसं म्हणायचं, आणि देवाच्या मनात असतं तर झालंही असतं काही.

भावना मोरीपर्यंतही पोहोचली नाही. भिंतीला धरून तिथंच ओकली, पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिली. ते गिळून तीन वर्षं झाली होती आणि तरी ते अजून घशातच असल्यासारखं तिला वाटत होतं. कौशल्याबाई म्हणाली, सांडलेलं धुऊन काढ. तृप्ती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. या वेळी तिनं नाकाला पदर लावला नाही. ती पाण्याची घागर घेऊन आली आणि वाकता येत नव्हतं तरी भावनाची पाठ चोळू लागली. कोणी तिला आत बोलावलं, ती गेली नाही.

सकाळी भावनानं पिशवी भरली आणि कामावर गेली. संध्याकाळी परत गेली नाही. गुलाबभाऊ आणि त्याची बायको वच्छला साकोलीत राहत, त्यांच्या घराच्या मागं एक खोली रिकामी होती. वच्छलाबाईनं फार विचारलं नाही, एक गोधडी दिली, आणि कपडे कुठं वाळत घालायचे म्हणून भावनानं विचारलं तेव्हा त्या बाईला तो प्रश्नच कळला नाही.

धनंजयनं दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा आला तो फारकतीचं बोलायला. भावनानं ताणलं नाही. गावात तिनं खरं सांगायला हवं होतं, असं मॅडमचं म्हणणं. तिला त्या लोकांपुढं पुन्हा उभं राहणंच नको होतं. त्यांचे डोळे आठवले की अंगावर काहीतरी सरपटतंय असं वाटे, आणि ते झटकायला ती खरोखर हात झटके.

फारकत झाल्यावर धनंजयनं दुसरं लग्न केलं. नाकाडोंगरीची मुलगी, राखी नावाची, भावनापेक्षा बरीच लहान. ही बातमी तृप्तीनं फोनवर दिली. तृप्तीला मुलगी झाली होती, सगळं नीट होतं.

राखी तिला साकोलीच्या बसस्टँडवर भेटली. भावनाला तिचा फोटो तृप्तीनं फोनवर पाठवला होता म्हणून ओळख पटली. बाकावर बसून ती पिशवीतून एक पुडी काढत होती, अंगाऱ्याची. बोटावर घेऊन जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. भावना तशीच पुढं निघून गेली असती. पाऊल उचललंही होतं. पण तिला वाटलं, हे बघून आपण गेलो तर आपण त्या घरातलेच एक.

ती शेजारी जाऊन बसली. कोण आहोत ते सांगितलं. राखी सरकली. तुम्हाला मशीनचं लागलं होतं ना, असं तिनं भीत भीत विचारलं. तसंच सांगून तिला त्या घरी दिलेली होती.

“नाही लागलं,” भावना म्हणाली. “मी मशीन पाहिलीच नाही. दोष त्याच्यात आहे, त्याले मालूम आहे, त्याच्या मायलेही मालूम आहे. नागपूरले तपासलं होतं त्यानं. तू त्याले म्हण, पुन्हा तपास अन् मले दाखव. तोवर कोणाच्या हातचं काही गिळू नको.”

राखी पुडीकडं बघत राहिली. विश्वास बसला की नाही ते तिच्या तोंडावर दिसलं नाही. बस लागली, ती चढली. पुडी बाकावर विसरली की ठेवून गेली, भावनाला कळलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर चैत्रात कौशल्याबाई केंद्राच्या फाटकावर आली. राखी भांडून माहेरी गेली होती. धनंजयनं तपासणीला नाही म्हटलं आणि तिनं सामान बांधलं. म्हातारीनं फाटकाबाहेरून भावनाला नावं ठेवायला सुरुवात केली. रांड, वांझ, दुसऱ्याचं घर खाणारी. ऊन तापलं होतं. भावना आत मलमलच्या तुकड्यांवरची अंडी बघत होती. शिव्या ऐकून तिला राग यावा तसा आला नाही. थोड्या वेळानं आवाज बसला आणि मग बंद झाला. गुलाबभाऊ म्हणाला, म्हातारी सावलीत बसली आहे, पाणी मागून राहिली.

भावनानंच पेला भरून नेला. कौशल्याबाईनं तो घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. मग पेला तिरपा करून आतल्या पाण्यात निरखून बघू लागली, तळाशी काही आहे का. वास घेतला. भावना समोर उभी राहून ते बघत होती. आजवर त्या बाईविषयी तिला जे जे वाटलं होतं, त्या सगळ्याहून जास्त किळस तिला त्या क्षणी वाटली.

“पाणीच आहे,” ती म्हणाली.

म्हातारीनं पेला झाडाच्या बुडाशी ओतला, उठली आणि रस्त्याकडं चालू लागली. पुढं ती कधी आली नाही.

यंदा प्रयोग दुसऱ्या एका गावात झाला. जाळ्यांमधल्या हरभऱ्यावर अळी कमी दिसली, पण मॅडम म्हणतात की एका वर्षावरून काही सांगता येत नाही. थंडी जास्त होती, तीही अळीला मारते. भावना आता त्या खोलीची मुख्य आहे. नव्या बायांना ती खण साफ करायला शिकवते. स्वतः अजून दोन हातमोजे एकावर एक घालते.

दिवाळीत ती बपेऱ्याला गेली तेव्हा आईबापानं एक स्थळ आणलं होतं. तुमसरकडचा विधुर, दोन मुलांचा बाप, बरोबर त्याचा मोठा भाऊ. माणसं बरी वाटत होती. भावनाची आई रुखमिणी सारखी पदर सावरत होती. भावनानं चहा आणून ठेवला. विधुराच्या भावानं शेतीचं विचारलं, पावसाचं विचारलं आणि मग म्हणाला, तसं आम्हाला लेकराची आशा नाही, पण घरात लहान पोरं आहेत म्हणून विचारतो, बाईच्या अंगात त्या किरणांचं काही उरलं तर नाही ना जी?

श्यामरावांनी लेकीकडं पाहिलं. रुखमिणी घाईघाईनं काहीतरी बोलायला लागली.

“आहे ना जी,” भावना म्हणाली. “लय आहे.”

आणि ती आत निघून गेली. पाहुणे चहाला हात न लावता उठले. श्यामराव त्यांना धुऱ्यापर्यंत पोचवायलाही गेले नाहीत. त्यांनी दोन्ही कप उचलले आणि मोरीत ओतून दिले.